स्टिक हलते, विमान ऐकत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या घरी पायाचं शिलाई मशीन होतं. शिवता शिवता दोरा गुंतला, की अब्बा पहिल्यांदा पाय थांबवायचे. मग चाकावर तळवा ठेवायचे, कापड सोडवायचे, बॉबिन बाहेर काढायचे आणि चष्मा नाकावर सरकवून गुंता सोडवायला बसायचे. बिघडलेलं यंत्र आधी थांबवायचं आणि मग त्यात डोकं घालायचं, ही रीत आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेली आहे. सायकलची चेन पडली, आपण उतरतो. मोटारीतून खडखड ऐकू आली, गाडी रस्त्याच्या कडेला घेतो.

विमानाला कडेला घेता येत नाही. ते थांबलं की पडतं. म्हणजे बिघाड शोधायचा, तो चालत्या यंत्रात. आणि तोही यंत्र चालवता चालवता. आज मला बोलायचं आहे ते याच अवघड गोष्टीविषयी. छोटं, तेही कुणीतरी घरी बांधलेलं विमान हवेत असताना त्याच्या नियंत्रणातलं एखादं अंग निकामी झालं, तर आतल्या माणसानं करायचं काय? मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विमानात बसलो तो तिकीट काढून, खिडकीजवळच्या जागेसाठी भांडून. या विषयाकडे मला एका गायकानं आणलं. त्याच्याकडे पुढे येतोच.

घरी विमान बांधतात, हेच पुष्कळांना खरं वाटत नाही. अमेरिकेत मात्र हा हजारो लोकांचा छंद आहे. 1953 साली मिलवॉकी शहरात अशा हौशी मंडळींची संघटना स्थापन झाली. पुढे तिचा मेळा ऑशकॉश या गावी भरू लागला, आणि दर वर्षी जुलैच्या सुमाराला तिथे विमानांची जत्राच लागते. नकाशे विकत मिळतात, सुट्या भागांचे संचही मिळतात. तिथल्या नियमाप्रमाणे विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा मौजेखातर केलेलं असलं पाहिजे. असं विमान ‘प्रायोगिक’ या वर्गात नोंदवलं जातं आणि तशी पाटी आत ठळकपणे लावावी लागते, म्हणजे पाहुण्यानं बसण्याआधी वाचावी. आरव्ही नावाच्या एकाच घराण्यातली दहा हजारांहून अधिक विमानं लोकांनी आपल्या गॅरेजात बांधून उडवलेली आहेत. आपल्याकडे अमोल यादव या मराठी वैमानिकानं मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. 2016 च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी डोळे भरून पाहिलं. त्याची सरकारी नोंदणी व्हायला मात्र 2017 चा नोव्हेंबर उजाडला. असो.

खरं तर पहिलं विमानही घरबांधणीचंच. राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. आणि नियंत्रण बिघडल्याचा पहिला मोठा अपघातही त्यांच्याच विमानाचा. 17 सप्टेंबर 1908. वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर इथे ऑरव्हिल राइट लष्करी अधिकाऱ्यांना विमान दाखवत होता. शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसलेला. मैदानावर फेऱ्या चालू असताना मागे ठोके ऐकू आले. एका पंख्याचं पातं तडकलं होतं. त्यामुळे तो थरथरू लागला आणि मागच्या सुकाणूला ताणून धरणाऱ्या तारेवर आपटला. तार निसटली, सुकाणू कलंडलं. ऑरव्हिलनं इंजिन बंद केलं, विमान तरंगत खाली आणायचा प्रयत्न केला. पण सुकाणू आता भलत्याच दिशेला ढकलत होतं. विमान नाकावर आदळलं. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मरण पावलेला तो पहिला माणूस. ऑरव्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या, आणि तो कित्येक आठवडे इस्पितळात पडून राहिला. एका तारेची ही गोष्ट.

आता विमान वळतं कसं, ते थोडक्यात सांगतो. छोट्या विमानाची तीन सुकाणू असतात. पंखांच्या मागच्या कडेला टोकाजवळ दोन झडपा असतात, त्या एलेरॉन. डावी वर गेली की उजवी खाली जाते आणि विमान डाव्या कुशीवर कलतं. शेपटीच्या आडव्या पट्टीला एलिव्हेटर असतो, तो विमानाचं नाक वरखाली करतो. शेपटीच्या उभ्या पट्टीला रडर असतो, तो नाक डावी-उजवीकडे फिरवतो. हातातल्या स्टिकनं पहिली दोन चालतात, पायांतल्या पॅडलनं तिसरं. स्टिकपासून शेपटीपर्यंत मध्ये कुठलीही जादू नसते. दांड्या असतात, किंवा तारा आणि कप्प्या असतात, आणि जिथे दोन दांड्या भेटतात तिथे एक बोल्ट, एक नट आणि तो नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली स्प्लिट पिन. मोटार गॅरेजात पाच-दहा रुपयांत मूठभर मिळणारी वस्तू. ती घालायची राहिली, तर थरथरीनं नट हळूहळू उतरतो. नट गेला की एखाद्या दिवशी बोल्टही जातो. मग स्टिक हलते, पण विमान ऐकत नाही.

कारखान्यातल्या विमानात हे काम एक जण करतो, दुसरा तपासतो, तिसरा सही करतो. घरी बांधणाऱ्याचं तसं नसतं. रात्री नोकरीवरून आल्यावर तो तासभर काम करतो, जेवायची हाक येते, तो नट हातानं फिरवून ठेवतो आणि उठतो. पक्कं उद्या करू. तो ‘उद्या’ तीन आठवड्यांनी येतो. म्हणून जाणते बांधकरी घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक बारीक रेघ ओढतात, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या धातूवर. रेघ नसेल तर काम अपुरं आहे. रेघ मोडलेली दिसली तर नट हललेला आहे. मला ही युक्ती फार आवडली. आपल्याच विसराळूपणावर ठेवलेली ही पाळत आहे.

आता समजा, हवेत असताना एलिव्हेटरची दांडी सुटली. स्टिक पुढेमागे हलते, पण तिला काही वजनच लागत नाही, तुटलेल्या नळासारखी. अशा वेळी घाबरलेला हात इंजिनाकडे जातो आणि थ्रॉटल मागे ओढतो. ‘गडबड झाली, वेग कमी करा’, ही मोटारीची सवय. विमानात ती घातक ठरू शकते. कारण बहुतेक छोटी विमानं ज्या वेगाला जुळवून ठेवलेली असतात, त्या वेगाला आपणहून चिकटून राहू पाहतात. थ्रॉटल एकदम ओढला, की तो वेग राखण्यासाठी नाक खाली जातं. आणि ते वर उचलायचं साधन तर नुकतंच गेलेलं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे फार काही न करणं. विमान सरळ चाललं असेल तर ते चालू द्यायचं. मग हातात काय उरलं आहे ते पाहायचं. इंजिनाची शक्ती उरली आहे. ती थोडी वाढवली की विमान चढतं, थोडी कमी केली की उतरतं. दुसरी गोष्ट ट्रिम. एलिव्हेटरच्या मागच्या कडेला बोटभर रुंद पट्टी असते आणि ती वेगळ्या तारेनं चालते. एरवी वैमानिकाच्या हाताला आराम मिळावा म्हणून ती असते. पट्टी खाली वळवली की वारा तिला वर ढकलतो, ती आपल्याबरोबर सगळा एलिव्हेटर वर नेते आणि नाक वर येतं. मुख्य दांडी तुटली तरी ही तार शाबूत असू शकते. म्हणजे मालक गेला तरी नोकर घर चालवतो, तशातला प्रकार.

पण इथे एक मेख आहे. दांडी तुटून एलिव्हेटर मोकळा झाला असेल, तरच हे असं चालतं. तो तुटला नसून अडकला असेल, समजा सरकलेल्या एखाद्या हत्यारानं तो जाम झाला असेल, तर तीच पट्टी उलटं काम करते. एलिव्हेटर हलू शकत नाही, त्यामुळे ती पट्टी स्वतःच एक चिमुकला एलिव्हेटर बनते. खाली वळवली तर नाक खाली. म्हणजे ज्या चाकानं काल नाक वर यायचं, त्याच चाकानं आज ते खाली जातं, तेही अगदी थोडं. ज्याला हे आधी ठाऊक नाही त्याला हवेत उमगायला उशीर लागतो. म्हणून स्टिक सैल आहे की घट्ट अडकली आहे, हा पहिला प्रश्न. नाडी पाहिल्याशिवाय औषध नाही.

उतरायचं कसं? घाई करायची नाही. इंधन आहे तोवर वेळ आहे. जमिनीपासून दोन-तीन हजार फुटांवर राहून, हवेतच एक खोटी धावपट्टी मनात धरून उतरण्याची तालीम करायची. शक्ती किती कमी केल्यावर नाक किती झुकतं, पंखांचे फ्लॅप थोडे सोडले तर काय होतं, हे एकेक करून पाहायचं. मग जवळचं नव्हे तर लांब धावपट्टीचं विमानतळ निवडायचं. लांबूनच अगदी सपाट, शक्ती लावलेली उतरण धरायची आणि चाकं टेकेपर्यंत थ्रॉटल पूर्ण मागे ओढायचा नाही. शेवटच्या वीस फुटांत तो सवयीनं ओढला, तर नाक आपटतं आणि सगळी मेहनत फुकट जाते. इंजिन खूप उंचावर बसवलेल्या काही विमानांत शक्तीचा परिणाम उलटाही होतो. घरी बांधलेल्या विमानाचा खरा प्रश्न हाच आहे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि त्यावरचं जाडजूड पुस्तक कुणी लिहिलेलं नसतं. ते बांधणाऱ्यानं स्वतः लिहायचं असतं. अमेरिकेत नव्या घरगुती विमानाला साधारण 25 ते 40 तास एकट्यानं, वस्तीपासून दूर उडवून पारखावं लागतं, ते त्यासाठीच. ते तास नुसते घड्याळात भरायचे, की त्यात ‘स्टिकला हात न लावता हे विमान मला उतरवता येईल का’, हे उंचावर करून पाहायचं, हे ज्याच्या त्याच्या समजुतीवर आहे.

एलेरॉन गेले तर त्यामानानं बरं म्हणायचं. रडरनं नाक एका बाजूला वळवलं की बाहेरचा पंख थोडा वेगानं पुढे जातो, तो उचलला जातो आणि विमान सावकाश कलतं. अशी मोठी, उथळ वळणं घेत घरी येता येतं. रडर गेला तर हवेत फारसं अडत नाही, पण आडव्या वाऱ्यात उतरणं टाळावं लागतं. वारा समोरून येईल अशी धावपट्टी शोधायची. फ्लॅप सोडताना एकाच बाजूचा सुटला आणि विमान गर्रकन कलू लागलं, तर विचार करत बसायचं नाही. नुकतं जे केलं ते ताबडतोब उलटं करायचं, फ्लॅपचा खटका होता तिथे परत न्यायचा.

थ्रॉटलची तार तुटली तर? रोटॅक्स 912 नावाचं एक इंजिन अशा विमानांत फार दिसतं. त्याच्या कार्बोरेटरला स्प्रिंगा अशा लावलेल्या असतात, की तार तुटली तर इंजिन मंद न होता पूर्ण जोरानं चालू लागावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा वेडेपणा वाटला. पण विचार करा. मंद झालेलं इंजिन तुम्हाला जिथे असाल तिथे, शेतात नाहीतर झाडांवर उतरवणार. भरधाव इंजिन निदान विमानतळापर्यंत नेतं. तिथे पोचून भरपूर उंची घ्यायची, धावपट्टी नक्की हाताशी आली की इंजिन बंद करायचं आणि तरंगत उतरायचं. एकच संधी मिळते, पण ती आपण निवडलेल्या जागी मिळते.

सगळ्यांत भयंकर म्हणजे फडफड. ठरल्या वेगाच्या पुढे गेलं की एलेरॉन किंवा एलिव्हेटर वाऱ्यातल्या कागदासारखा थरथरू लागतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मोडू शकतो. तेव्हा लगेच शक्ती कमी करायची आणि नाक हळूच वर घेऊन वेग उतरवायचा. हे होऊ नये म्हणून त्या झडपांच्या बिजागरीपुढे वजन बसवून तोल साधलेला असतो. आणि हौशी माणूस काय करतो, तर विमान जुनं दिसायला लागलं म्हणून त्यावर रंगाचा आणखी एक हात देतो. रंगाचं वजन बिजागरीच्या मागे पडतं आणि तोल बिघडतो. रंग दिल्यावर तोल पुन्हा पारखला पाहिजे. एवढीशी गोष्ट, पण रंगाच्या डब्यावर ती लिहिलेली नसते.

आता त्या गायकाकडे येतो. कॉलेजात एका मित्राकडे जॉन डेन्व्हरची कॅसेट होती. आमचं इंग्रजी बेताचंच, पण डोंगर, नदी, घराकडे जाणारा रस्ता हे कळायला किती इंग्रजी लागतं? हा माणूस वैमानिकाचा मुलगा. 1961 साली त्याच्या वडिलांनी अमेरिकी हवाई दलाच्या बी-58 या बॉम्बर विमानावर वेगाचे विक्रम केले होते. तो स्वतःही उत्तम वैमानिक होता, अडीच हजारांहून अधिक तास उडालेला. 12 ऑक्टोबर 1997 च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्याजवळ त्याचं विमान समुद्रात कोसळलं. तो 53 वर्षांचा होता. आज मी त्या वयाच्या आसपास आहे, म्हणूनही असेल, पण त्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल मी पुनःपुन्हा वाचला आहे.

विमान होतं लाँग-इझी. फोम आणि फायबरग्लासचं, दोन आसनांचं, इंजिन मागे आणि एलिव्हेटर पुढे असलेलं देखणं यंत्र. त्याचा आराखडा बर्ट रुटानचा; 1986 साली इंधन न भरता, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारं व्हॉयेजर विमान आखणारा तोच हा माणूस. डेन्व्हरनं ते बांधलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं, वापरलेलं विमान त्यानं विकत घेतलं होतं आणि आदल्या दिवशीच ते ताब्यात आलं होतं.

त्याच्या दोन पंखांत दोन टाक्या. कुठल्या टाकीतलं इंधन घ्यायचं ते ठरवणारा एक कॉक असतो. मूळ नकाशात तो वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर दाखवलेला. बांधणाऱ्यानं तो हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर बसवला. का? तर आपण बसतो तिथे इंधनाच्या नळ्या नकोत म्हणून. हा विचार मूर्खपणाचा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्याला आगीची भीती होती. एक धोका त्यानं घराबाहेर काढला आणि दुसरा मागच्या दारानं आत घेतला. शिवाय त्या कॉकवर खुणा नव्हत्या, आणि दांडी फिरवण्याची दिशाही उलटी: उजवीकडे वळवली की डावी टाकी, खाली केली की उजवी, वर म्हणजे बंद. इंधन किती उरलं ते दाखवणारी काचही मागेच होती, आणि तिच्यावरही खुणा नव्हत्या.

त्या संध्याकाळी उड्डाणाआधी डेन्व्हर आणि एक तंत्रज्ञ या कॉकविषयी बोलले. हात पोचत नव्हता आणि दांडी घट्टही होती. पकड लावून ती लांब करता येते का, हे त्यांनी पाहिलं; जमलं नाही. तंत्रज्ञानं मागचं दिसावं म्हणून एक छोटा आरसा दिला. वेळ पडली तर ऑटोपायलट लावून विमान सरळ ठेवीन आणि मग कॉक फिरवीन, असं डेन्व्हर म्हणाला. इंधन भरू का, असं विचारल्यावर नको म्हणाला, तासाभराचंच उड्डाण आहे. मागच्या काळात दारूच्या कारणानं त्याच्या वैद्यकीय परवान्याचा वाद झाला होता खरा, पण त्या दिवशी त्याच्या शरीरात दारू नव्हती, हेही अहवालात आहे.

धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा उडायचा सराव त्यानं तीनदा केला आणि तो समुद्राकडे वळला. पाहणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे उंची साडेतीनशे ते पाचशे फूट. इंजिनाचा आवाज बदलला, नाक वर गेलं, विमान उजवीकडे कललं आणि सरळ खाली गेलं. तपास करणाऱ्यांनी तशाच आसनात बसून पाहिलं. त्या कॉकपर्यंत पोचायचं तर उजवा हात स्टिकवरून काढावा लागतो, खांद्याचा पट्टा सैल करावा लागतो, आणि कमरेपासून डावीकडे जवळजवळ पूर्ण वळावं लागतं. असं वळताना अंगाला आधार हवा म्हणून उजवा पाय नकळत पुढे रेटला जातो. तुम्ही खुर्चीत बसून करून पाहा. त्या पायाखाली उजव्या रडरचं पॅडल होतं.

लक्षात घ्या, विमानाचं एकही सुकाणू मोडलेलं नव्हतं. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर, सगळं शाबूत. इंजिन थांबलं असतं तरी लाँग-इझी तरंगत दूर जाणारं विमान आहे. पाण्यावर का होईना, सरळ उतरण्याची शक्यता होती. पण यंत्रात बिघाड झाला की त्यात डोकं घालायचं, ही आपली जुनी सवय. पाच हजार फुटांवर ती कदाचित माफ झाली असती. पाचशे फुटांवर नाही झाली. चौकशी मंडळानं कारण नोंदवताना वैमानिकाचं लक्ष विमान उडवण्यावरून हटलं, असं म्हटलं, आणि त्याच्या जोडीला भलत्या जागी बसवलेला, बिनखुणांचा कॉक, खुणा नसलेल्या काचा आणि या विमानाची अपुरी ओळख हीही नोंदवली. मला या यादीतली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची खोड ठाऊक असते, सासरी गेलेल्या मुलीचा स्वभाव आईला ठाऊक असतो तशी. विकत घेणाऱ्याला ती कुणी सांगत नाही. 2011 मधल्या अशा विमानांच्या अपघातांचा अमेरिकेच्या त्याच मंडळानं अभ्यास केला आणि 2012 साली अहवाल दिला. त्यात अर्ध्याहून अधिक विमानं मालकानं स्वतः बांधलेली नव्हती, वापरलेली घेतलेली होती.

आणि हे केवळ हौशी लोकांचं दुखणं समजू नका. 11 नोव्हेंबर 2018 रोजी पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या अल्व्हर्का इथून एअर अस्ताना कंपनीचं एम्ब्रेअर जेट विमान मोठ्या दुरुस्तीनंतर उडालं. आत सहा जण. दुरुस्तीत एलेरॉनच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. डावीकडे वळवावं तर उजवीकडे कलतंय! विमान उलटंपालटं झालं, खाली कोसळता कोसळता सावरलं. समुद्रात उतरावं लागेल की काय, असं वाटण्यापर्यंत पाळी आली. पण त्यांनी हळूहळू ओळखलं, की कलण्याचं नियंत्रण फिरलेलं आहे. मग विमानाच्या संगणकाची मदत कमी करणारी एक रचना त्यांनी लावली, तेव्हा पंखांवरचे काही भाग शांत झाले आणि विमान थोडं आवाक्यात आलं. पोर्तुगीज हवाई दलाची विमानं सोबतीला आली, त्यांनी वाट दाखवली आणि जवळजवळ दोन तासांनी, तिसऱ्या प्रयत्नात ते बेजा इथल्या लांब धावपट्टीवर उतरलं. सहाही जण वाचले. त्यांनी जे केलं ते घरगुती विमानालाही तंतोतंत लागू आहे: आधी विमान हवेत ठेवलं, काय उरलं ते तपासलं, घाई केली नाही आणि लांब धावपट्टी शोधली.

एवढ्या मोठ्या विमानात वैमानिकाला आपले एलेरॉन आसनावरून दिसत नाहीत. छोट्यात दिसतात. उडण्याआधी स्टिक चारी बाजूंना पूर्ण फिरवायची आणि झडपा नुसत्या हलतात का हे नव्हे, तर बरोबर बाजूला हलतात का हे पाहायचं. यासाठी वैमानिकांची एक साधी युक्ती आहे. स्टिक मुठीत धरून अंगठा सरळ वर करायचा. स्टिक डावीकडे झुकवली की अंगठा डाव्या पंखाकडे दाखवतो. तिथली झडप वर गेलेली असली पाहिजे. उजवीकडे झुकवली की उजवी. अंगठा दाखवतो त्या बाजूची झडप खाली दिसली, तर इंजिन बंद करून खाली उतरायचं. तेव्हा अजून उतरता येतं.

आपल्याकडे धुळ्याला, गोंदियाला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. कधी तिकडे गेलात आणि कुंपणाबाहेरून धावपट्टी दिसली, तर टोकाशी थांबलेलं छोटं विमान जरा निरखून पाहा. आतलं पोरगं उडण्याआधी मान वळवून आधी एका पंखाकडे पाहील, मग दुसऱ्या, आणि झडपा वरखाली होतील. बाहेरून वाटतं, उगाच वेळ घालवतोय.